प्रेसनोट खरी असली म्हणून ती बातमी होते का?

शाईचा डाग: परवा इथे एकाने लिहिलं, "प्रेसनोटमधली माहिती खरी असेल तर जशीच्या तशी छापली म्हणून बिघडलं काय?" तेव्हापासून डोकं तापलंय. अहो, खऱ्याखोट्याचा वादच नाही. बोलतंय कोण, हे लपवलं त्याचं काय? 2004 मध्ये अमेरिकी सरकारने मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) कायद्याचे गोडवे गाणाऱ्या तयार चित्रफिती वाहिन्यांना पाठवल्या. शेवटी एक बाई वार्ताहराच्या थाटात नाव सांगून निरोप घ्यायची. वार्ताहर कसली, पैसे घेऊन वाचत होती! कित्येक वाहिन्यांनी ते तसंच दाखवलं. संसदेच्या लेखापरीक्षकांनी त्याला छुपा प्रचार ठरवलं. माहिती खरी होती की नव्हती, यावर तो निकाल अडलाच नाही.

कंदील: तो 'एक जण' मीच. डेस्कवर बसलायत कधी? मी नऊ वर्षं बसलो. पान सोडायला वीस मिनिटं, आयत्या वेळी जाहिरात रद्द, खाली दोन कॉलमांचं भगदाड आणि हाताशी फोटोसकट टाइप केलेली प्रेसनोट. तुमच्या नीतिशास्त्राने ते भगदाड भरतं का? आणि पाठवणारा लपत नाही. जनसंपर्काच्या धंद्यातला आद्य अमेरिकी माणूस आयव्ही ली, त्याने 1906 मध्येच जाहीर केलं होतं की आमचं काम उघड्यावर चालतं. प्रेसनोटवर नाव-पत्ता असतोच.

उलटतपासणी: असतोच ना? मग ते खोडून 'आमच्या प्रतिनिधीकडून' कोण चिकटवतं?

कंदील: चिकटवलंय. शंभरदा. फाशी द्या.

मसुदाबाई: मी पलीकडच्या टेबलावरची, कंपनीसाठी प्रेसनोटा लिहिणारी. मालकांची 'खास मुलाखत' मी लिहायचे. प्रश्न माझे, उत्तरं माझी, मधलं (हसून) सुद्धा माझंच. छापून आल्यावर मालकांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "मी हे कधी बोललो?" पण त्यांना ते इतकं आवडलं की पुढे भाषणांतही तेच म्हणायला लागले.

अनुस्वार: हात न लावता छापलेली प्रेसनोट ओळखायची खूण सांगतो: 'कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.' संपन्न माणूस असतो हो, कार्यक्रम पार पडतो!

कंदील: संस्कृतात संपन्न म्हणजे पूर्ण झालेला असाही अर्थ आहे. कोश उघडा.

अनुस्वार: आपण मराठीत बोलतोय. ही हिंदीची उसनवारी आहे. तुमच्यासारख्यांनी नऊ वर्षं तो शब्द खोडला नाही म्हणून आज आमच्या डोक्यावर बसलाय.

कंदील: कालच शब्दकोश घेतलात वाटतं?

शाईचा डाग: धागा कुठला, चाललंय काय!

उलटतपासणी: चालू दे. ज्यांनी 'संपन्न' तपासला नाही, ते आकडे काय तपासणार? 2015 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम एक तकलादू प्रयोग केला. माणसं 15, निष्कर्ष 'चॉकलेटने वजन लवकर उतरतं', सोबत चटपटीत प्रेसनोट. देशोदेशी बातम्या झाल्या. किती माणसांवर प्रयोग केला, एवढं विचारायचंही जवळजवळ कुणाला सुचलं नाही. 'माहिती खरी असेल तर' म्हणता कंदीलसाहेब, पण त्या 'तर'ची खात्री तुमच्या वीस मिनिटांत कोण करून घेत होतं?

कंदील: कुणी नाही. झालं समाधान? जुन्या डेस्कला निरोप देतो, खाली बारीक टाइपात 'प्रसिद्धीपत्रकावरून' असं टाकत जा म्हणून.

अनुस्वार: 'प्रसिद्धिपत्रक'. समासात द्धि ऱ्हस्व.