डॉल्फिनला बातम्या वाचायला लावणं बंद करा

भरतीओहोटी:
परवा इथे ‘डॉल्फिनच्या नजरेतून या आठवड्याच्या बातम्या’ असा लेख आला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गिरगाव चौपाटीसमोरचा एक डॉल्फिन कोस्टल रोडवरची कोंडी बघून हसतो, अटल सेतूच्या टोलवर कोटी करतो, विसर्जनानंतर पीओपीच्या सोंडेला धडकतो आणि शेवटी ‘माणसांनो, तुमच्यापेक्षा आम्ही शहाणे’ म्हणून बुडी मारतो. खाली नुसती वाहवा. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

पहिली तक्रार शीर्षकाशीच. कसली नजर? मुंबईच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घाला, बोटं दिसली तर सांगा. इथला वशिंडवाला डॉल्फिन आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, खडक कुठे ते ओळखतो. तो प्रतिध्वनीही टिपतो खालच्या जबड्याने. म्हणजे ‘डॉल्फिनच्या जबड्यातून’ हे नाव हवं होतं. कोस्टल रोड मार्च २०२४ मध्ये सुरू झाला ही त्याची बातमीच नव्हे. त्याआधी कित्येक वर्षं भराव पडताना पाण्यातून जे दणके आले, ती बातमी. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो. हा प्राणी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातला, त्याला ‘जरा आत सरकून राहा’ म्हणायचीही सोय नाही.

तुमचा डॉल्फिन म्हणजे पार्ल्यातले निवृत्त काका आहेत, फक्त ओले.

तिरकस_तांडेल:
लेख माझाच. ‘ओले काका’ आवडलं, पुढच्या लेखात चोरणार आहे.

पण साहेब, लहानपणी चिऊताईने मेणाचं घर बांधलं तेव्हा तुम्ही आजीला विचारलंत का, मेण कुठून आणलं, पोळं कोणी काढलं? चिमणी माणसासारखी बोलते म्हणून तर गोष्ट होते. मला टोलबद्दल चिडायचं होतं. माणसाच्या तोंडून चिडलो असतो तर दहाव्या मिनिटाला कुठल्या पक्षाचा म्हणून विचारणा झाली असती. डॉल्फिनला अजून कोणी तसं विचारलेलं नाही.

आणि डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवून अर्ध्याने काम चालवतो, महापालिकेसारखाच, हा लेखातला विनोद शास्त्रशुद्ध होता. त्याचे गुण कुठे गेले?

भरतीओहोटी:
एक गुण दिला. फक्त डॉल्फिनच्या मेंदूचे दोन्ही अर्धे पाळीपाळीने जागे असतात. तुलना डॉल्फिनवर अन्याय करणारी आहे.

शुद्धलेखन_समिती:
लेखात तीन ठिकाणी ‘डॉल्फिन मासा’ लिहिलंय. तो मासा नाही, सस्तन प्राणी आहे. हवा घ्यायला वर येतो, पिल्लाला दूध पाजतो. शिवाय तुमचा नायक ‘मी राष्ट्रीय जलचर’ म्हणून मिरवतो. २००९ मध्ये तो मान मिळाला गंगेतल्या डॉल्फिनला. गिरगावच्या डॉल्फिनने दुसऱ्याचं पद लावून फिरू नये.

तिरकस_तांडेल:
मुंबईत दुसऱ्याचं पद लावून फिरणारा तो एकटाच आहे का?

गॅलरीतून_समुद्र:
मला लेख आवडला बुवा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये डॉल्फिन परत आले होते तेव्हा किती छान वाटलं होतं! माणूस थांबला की निसर्ग बोलतो. लेख वाचून तेच दिवस आठवले.

भरतीओहोटी:
परत यायला ते गेले कधी होते? ते इथलेच. तेव्हा पहिल्यांदाच आपल्याला खिडकीत उभं राहून समुद्राकडे बघायला वेळ मिळाला. तेव्हा व्हेनिसच्या कालव्यातले डॉल्फिन म्हणून जो व्हिडिओ फिरला तो सार्डिनियातल्या बंदराचा निघाला. तुम्हीही पुढे ढकलला असेल.

गॅलरीतून_समुद्र:
ढकलला होता. त्याचा इथे काय संबंध?

रापणीचा_दोर:
मालवणाकडचो असंय. तुमची शहरी भांडणं वाचून करमणूक झाली. गाद्याक (तुमचो डॉल्फिन) लिवक येता, आमका येणा नाय, असाच ना?

आता सगळ्यांना कळावं म्हणून सरळ लिहितो. गेल्या हंगामात रात्री जाळं टाकून बसलो होतो. गाद्यांचा कळप आला. पहाटे ओढलं तर मासळीच्या जागी भोकं. नुसतीच डोकी लटकत होती. ते जाळं चौघांनी आठ दिवस बसून नीट केलं, तेवढे दिवस होडी किनाऱ्यावर. त्या आठवड्याच्या स्थानिक बातम्या गाद्याने कशा लिहिल्या असत्या? ‘जेवण उत्तम, वाढपी चिडलेले.’

लेखात मच्छिमार एकदाच येतो, तोही खलनायक म्हणून, जाळ्यात पिल्लू अडकवणारा.

कांदळवन_प्रेमी:
दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहे. आणि जाळ्यात अडकला की वर येऊन श्वास घेता येत नाही, गुदमरून मरतो. खलनायक कोणी म्हणत नाही, पण हे घडतं.

रापणीचा_दोर:
घडतं. मी स्वतः दोनदा जाळं कापून सोडलाय, तेव्हा योजना नव्हती आणि कॅमेरा असलेला फोनही नव्हता. पण तुम्ही तुमचंच वाक्य परत वाचा. ‘जाळं कापून सोडला तर.’ म्हणजे मी कापलं तर पैसे. त्याने फाडलं आणि शेपटी हलवत गेला तर शून्य. फोटोही हवा. रात्री तीन वाजता, लाटेवर, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात जाळं, फोन काय दातात धरू? शेजाऱ्याने फोटोसकट अर्ज केला होता. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथे त्याला विचारलं, फोटोतला प्राणी तोच कशावरून?

तिरकस_तांडेल:
प्राण्याचं आधारकार्ड जोडलं नव्हतं का?

रापणीचा_दोर:
हसा. तुमका हसूक काय जाता.

खवट_प्रवासी:
मच्छिमारांची एवढी दया नको. तुमच्या मालवणजवळच्या देवबागला ‘डॉल्फिन दर्शन’ला गेलो होतो. एक पाठ दिसली की चार होड्या चारी बाजूंनी इंजिन फुल्ल करून धावल्या. माझी मुलगी रडायला लागली, ‘बाबा, तो पळतोय.’ होडीवाला म्हणतो, पळत नाही, खेळतोय. वर परत, ‘बघा, हसतोय!’ अहो, त्याच्या जबड्याची ठेवणच तशी, मरतानाही हसराच दिसणार.

रापणीचा_दोर:
तो होडीवाला कालपर्यंत मासे मारायचा. मासे का सोडले ते विचारलंत? राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर (मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर) निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी केली, २०२१ मध्ये राज्याने दंड वाढवले. तरी आता रात्री आमच्या किनाऱ्यावर उभे राहा. समुद्रात गाव वसलंय असं वाटेल, इतका उजेड. उजेडाखाली पिल्लासकट मासळी जाते. उरलेल्या मासळीवर आम्ही आणि गादे, दोघांचं एकच ताट. म्हणून तो माझ्या जाळ्यावर येतो. त्याचो राग नाय माका. राग तुमच्या लेखाचो येता, त्यात एवढा समुद्र आणि ह्या नाय.

खवट_प्रवासी:
म्हणजे होड्यांनी डॉल्फिन पिटाळायचे, कारण कोणीतरी दिवे लावले? प्रत्येक वेळी दुसऱ्याकडे बोट.

रापणीचा_दोर:
तुम्ही पैसे मोजून होडीत बसलात आणि पाठ दिसेपर्यंत ‘अजून जवळ घ्या’ म्हणालात की नाही? खरं सांगा.

खवट_प्रवासी:
एकदाच म्हणालो.

कांदळवन_प्रेमी:
कृपया वैयक्तिक होऊ नका.

रापणीचा_दोर:
वैयक्तिकच असा. जाळा माझा होता.

भरतीओहोटी:
माझा मुद्दा होता की डॉल्फिनला डॉल्फिनसारखं ऐकू द्या. तो मुद्दा एलईडीकडे कसा गेला ठाऊक नाही, पण चुकीच्या जागी गेलाय असं म्हणवत नाही. मलाही पर्ससीन सुचलं नव्हतं. हे मी एकदाच लिहितोय, कोणी कापून ठेवू नका.

तिरकस_तांडेल:
कापून ठेवलं. आता माझी दुरुस्त आवृत्ती घ्या, मोठ्या मनाने, कारण रात्रभर झोप आली नाही (दोन्ही अर्ध्यांना):

‘आज उत्तरेकडून चार इंजिनं. त्यातलं एक ओळखीचं, पूर्वी रात्री यायचं आणि तास न् तास गप्प राहायचं, आता दिवसा येतं आणि ओरडतं. दूर आत मोठा घरघराट, तिकडे मासळी गोळा होते आणि मग तिथलं पाणी रिकामं वाजतं. ओळखीचं जाळं गेल्या आठ दिवसांत आलं नाही. पिल्लू विचारतंय, जेवायचं कुठे?’

टोल काढून टाकला. दुखलं.

भरतीओहोटी:
‘रिकामं वाजतं’ बरं आहे. बाकी अजून थोडे काका शिल्लक आहेत.

रापणीचा_दोर:
जाळ्याचा वाक्य बरा. आता बांगड्याच्या तोंडून एक लिवा बघू.

तिरकस_तांडेल:
लिहायला घेतला होता. दुसऱ्या ओळीत तुमच्या गाद्याने लेखकच गिळला.

शुद्धलेखन_समिती:
मूळ लेखात ‘मासा’ अजून तसाच आहे. तिन्ही ठिकाणी.