घरासाठी सामाईक कॅलेंडर: गुगलच पुरे, की वेगळं अ‍ॅप हवं?

धरमपेठी
दोघं नोकरीवर, दोन पोरं शाळा आणि ट्यूशनमध्ये, आजीआजोबांच्या तपासण्या, वर गॅस, वीजबिल, मार्चमध्ये कूलरच्या ताट्या बदलणं. अशा घराला माझं स्पष्ट मत: नवीन अ‍ॅपच्या मागे लागू नका, गुगल कॅलेंडरच वापरा. मात्र त्यातलं आयतं 'फॅमिली' कॅलेंडर नको. ते गुगलच्या फॅमिली ग्रुपपुरतंच असतं. त्या ग्रुपमध्ये 6 जणच बसतात, एका माणसाला एकाच ग्रुपमध्ये राहता येतं, आणि ग्रुप बदलायचा तर 12 महिन्यांत एकदाच. ग्रुप मोडला की कॅलेंडरही गेलं. काका-काकू धरून सात-आठ जणांचं घर असेल तर तिथेच अडतं.

त्यापेक्षा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडा. डावीकडे 'अदर कॅलेंडर्स'जवळच्या अधिकच्या चिन्हावरून 'क्रिएट न्यू कॅलेंडर' करा, नाव द्या 'घर'. मग त्याच्या सेटिंगमध्ये एकेकाचा जीमेल पत्ता टाका. मोठ्यांना 'मेक चेंजेस टू इव्हेंट्स', पोरांना फक्त 'सी ऑल इव्हेंट डिटेल्स'. हे काम मोबाइलवर करत बसू नका, सगळ्या सेटिंग तिथे नसतात.

पंचांगवाली
आणि तिथीचं काय भाऊ? गुगलमध्ये 'दरवर्षी' निवडलं की तो इंग्रजी तारीख धरतो. गणेश चतुर्थी 2025 ला 27 ऑगस्टला होती, 2026 ला 14 सप्टेंबरला, कारण मधे अधिक ज्येष्ठ. महालक्ष्म्या, तान्हा पोळा, सासऱ्यांचं श्राद्ध, सगळंच सरकतं. दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकांनी पाठवलेली सुट्ट्यांची यादी तशीच चढवली तर आणखी घोळ, कारण उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर पोळ्या लाटताना मान वळवली की दिसतं. कणकेच्या हातांनी फोन कोण उघडणार?

धरमपेठी
ताई, तिथीच्या गोष्टींना 'रिपीट' लावायचंच नाही. दिवाळीच्या सुमारास पुढच्या वर्षाचं कॅलेंडर घरात येतं, तेव्हा सणवार, श्राद्ध, तिथीने होणारे वाढदिवस एकदाच बसून चढवायचे. जास्तीत जास्त वीस नोंदी होतील. भिंतीवरचं राहू द्या ना, कोण काढायला सांगतंय? पण तीन वाजता ऑफिसातून निघताना ते दिसत नाही.

मनीषनगर
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. गुगल ऑफिससाठी बनलंय. कोणी काही नवीन टाकलं तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही. टाइमट्री नावाच्या सामाईक कॅलेंडरच्या अ‍ॅपमध्ये नोंद झाली की सगळ्यांच्या फोनवर सूचना जाते, आणि त्या नोंदीखालीच बोलता येतं: 'मी सोडतो, आणायला तू जा.' हे व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवलं की संध्याकाळपर्यंत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. टाइमट्री फुकट आहे, जाहिराती तेवढ्या सहन करा. कोझी या दुसऱ्या अ‍ॅपच्या वाट्याला मात्र जाऊ नका. 2024 पासून फुकटवाल्यांना पुढचे 30 दिवसच दिसतात. परीक्षेचं वेळापत्रक काय 30 दिवसांत मावतं?

धरमपेठी
पत्ता लागतो, पण चालू करावं लागतं. वेबवर 'घर' कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये 'अदर नोटिफिकेशन्स' आहे. तिथे 'न्यू इव्हेंट्स' आणि 'चेंज्ड इव्हेंट्स' पुढे 'ईमेल' निवडा. 'डेली अजेंडा' लावला की दिवसभराची यादी सकाळी मेलमध्ये हजर. नोंदीखाली बोलण्याची सोय गुगलमध्ये नाही, हे मान्य.

मनीषनगर
ईमेल? राजेहो, आजोबा ईमेल उघडतात कधी!

जुना_टेक्निशियन
दोघांचंही ऐकलं, पण 'मी टाकलं होतं, तुला काहून नाही दिसलं' हे भांडण अ‍ॅपमुळे क्वचितच होतं. पहिलं कारण: फोनवर नोंद करताना वर स्वतःचंच खातं निवडलेलं असतं, 'घर' नव्हे. सेव्ह करण्याआधी तिथला रंग बघा. दुसरं, 'इव्हेंट'ऐवजी 'टास्क' दाबलं जातं, आणि टास्क दुसऱ्या कोणाला दिसत नाही. तिसरं, सॅमसंगच्या फोनवर सॅमसंगचंच कॅलेंडर अ‍ॅप वापरून नोंद 'माय फोन'मध्ये जाते, म्हणजे ती त्या हँडसेटच्या बाहेर पडतच नाही. आयफोनवाल्यांनी सरळ गुगलचं अ‍ॅप टाकावं. अ‍ॅपलच्या कॅलेंडरमध्ये गुगलची शेअर केलेली कॅलेंडरं आपोआप येत नाहीत, त्यासाठी गुगलच्या सिंकच्या पानावर वेगळी टिक करावी लागते.

आता आठवणीचा गजर. तो ज्याचा त्यानेच लावायचा असतो. तुम्ही 40 मिनिटं आधीचा लावला म्हणून आजोबांच्या फोनवर वाजणार नाही. म्हणून नोंदच निघायच्या वेळेची करा: '4:50 निघणे, 5:30 डॉक्टर, रामदासपेठ'. डिसेंबरात आपल्या नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू असलं तर रस्त्यावरच्या गर्दीमुळे 4:30 धरा. मग गजर लावायचा राहिला तरी वेळ चुकत नाही.

पंचांगवाली
हे पटलं. पण भिंतीवर दिसायला हवं हा माझा मुद्दा तसाच आहे.

जुना_टेक्निशियन
जुना टॅब्लेट लावा ना. त्यात फक्त 'घर' कॅलेंडर ठेवा, 'शेड्यूल' व्ह्यू लावा आणि स्क्रीन बंद व्हायची वेळ वाढवा. पण चोवीस तास चार्जरवर ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे स्वयंपाकघर तापतं, त्यात बॅटरी सतत 100 टक्के राहिली की फुगते आणि काच उचलली जाते. टायमरचा प्लग घ्या, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग असेल तर आणखी बरं. गॅसच्या शेगडीजवळ तर नकोच.

मनीषनगर
आणि पोरांच्या हातून काही उडालं तर?

धरमपेठी
त्यांना बघायचीच परवानगी आहे. मोठ्यांच्या हातून उडालं तर ते 'ट्रॅश'मध्ये 30 दिवस राहतं. वेबवर उघडून परत आणता येतं.

सिव्हिल_लाइन्स
उशिरा वाचलं. एक गोष्ट कोणीच बोललं नाही. डॉक्टरकडचं एखादं काम सगळ्यांना दाखवायचं नसेल तर नोंद 'प्रायव्हेट' करून काम भागत नाही. ज्याला बदल करायची परवानगी दिली आहे, त्याला तीही पूर्ण दिसते. अशा गोष्टी नवरा-बायकोच्या दोघांपुरत्या वेगळ्या कॅलेंडरमध्ये टाकायच्या, आणि 'घर'मध्ये फक्त '5 ते 7 बाहेर' एवढंच लिहायचं.