चौथी तारीख

कोर्टात तारखा फक्त वकीलच मागतात, असं लोक म्हणतात; मी स्वतः वकील, मला ते अर्धंच मान्य. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ प्रमाणे दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी (म्हणजे सुनावणी पुढे ढकलून नवी तारीख) मिळू नये. चौथीच्या वेळी मी चेहरा गंभीर करून 'न्यायहितार्थ' म्हणतो, न्यायाधीश साहेब चष्म्यावरून बघतात आणि रोजनाम्यात (दाव्यात त्या दिवशी काय झालं त्याच्या नोंदीत) 'शेवटची संधी' पडते. एकाच दाव्यात अशा चार शेवटच्या संधी मी पाहिल्यात! (कारण खरंच पक्षकाराच्या हाताबाहेरचं असेल तर तीनची मर्यादा आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटलंय. ते आम्हा सगळ्यांना तोंडपाठ.)

पण कधी उलटतपासणीची तयारी करून, रात्र जागून जावं, साक्षीदारही चक्क हजर असावा, आणि बेंच क्लार्क (कोर्टातला कारकून) सांगतो, 'साहेब आज रजेवर.' त्याचा राग अशील काढतो माझ्यावरच.

बाकी न्यायाधीशांना आम्ही 'माय लॉर्ड' म्हणतो त्याबद्दल: बार कौन्सिलने (वकिलांच्या नियामक संस्थेने) २००६ मध्येच उच्च न्यायालयात 'युवर ऑनर' आणि खालच्या कोर्टात 'सर' पुरे असं ठरवलं. तरी केस जितकी कमकुवत, तितके माझ्या तोंडून 'लॉर्ड' जास्त निघतात.