‘निशाण-डंका’ की ‘ध्वज आणि ढोल’?

रानजाई:
खितान लोकांवरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. मंगोलिया-मंचुरियाच्या पट्ट्यातले हे घोडेस्वार. 907 साली आबाओजी त्यांचा खान झाला, 916 मध्ये त्याने स्वतःला सम्राट म्हणवलं, आणि त्याच्या घराण्याचं ल्याओ राज्य 1125 पर्यंत टिकलं. अडले आहे ते एका जोडशब्दापाशी. चिनी ग्रंथांत खितान प्रमुखाच्या सत्तेची खूण म्हणून ‘छी-गू’ येतं. छी म्हणजे निशाण, गू म्हणजे नगारा. आठ टोळ्यांचे सरदार आपल्यातल्या एकाला निवडत आणि ही जोडी त्याच्या हवाली करत. मुदत संपली की ती पुढच्याकडे. आबाओजीने ती नऊ वर्षं सोडलीच नाही, म्हणून बाकीच्यांनी धारेवर धरून त्याच्याकडून परत घेतली. पायउतार झाला हे सांगायला मुळात एवढंच म्हटलंय, की त्याने निशाण-नगारा देऊन टाकला.

मी ‘निशाण-डंका’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी खोडून ‘ध्वज आणि ढोल’ केलं. ढोल म्हटला की डोळ्यांपुढे गणपतीतलं पथक येतं. आणि त्या ‘आणि’ने जोडच मोडली. दोन वस्तू उरल्या, सत्ता गेली. तुम्ही काय लिहाल?

दुसरा शब्द ‘दाओ’. याकच्या शेपटीच्या केसांचा झुपका बांधलेली उंच काठी. कापड नाही. ल्याओंच्या राजचिन्हांत बारा दाओ, बारा निशाणं आणि बारा नगारे होते. तपासणाऱ्यांनी इथेही ‘ध्वज’च केलंय. मग बारा ध्वज आणि पुन्हा बारा ध्वज असं वाक्य होतं!

कृष्णाकाठ:
ध्वजच योग्य. निशाण फारसी, नौबत आणि नगारा अरबी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच कारणासाठी, आणि आपण साडेतीनशे वर्षांनी पुन्हा तिकडेच. ‘ध्वज-दुंदुभी’ लिहा. जोडही राहील, कानालाही गोड. दाओला ‘चामरध्वज’.

चिंचबन:
निशाण सरसकट फारसी नाही हो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात रणवाद्यांची ओळ आहे, तिथे भेरी, निशाण, मांदळ, शंख, काहळा असे शब्द एकापुढे एक येतात. तिथलं निशाण हे वाद्य आहे. शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात ‘निःसाण’ हे चर्मवाद्य सापडतं, आणि तो देवगिरीच्या यादवांच्या पदरचा. म्हणजे आपल्याकडे दोन वेगळ्या कुळांचे शब्द एका उच्चारावर येऊन बसले. एक निशाण वाजणारं, एक फडकणारं. रानजाईंच्या ‘छी-गू’मधल्या दोन्ही वस्तू एकाच मराठी शब्दात! हे मला आज सकाळीच सुचलं आणि अजून डोक्यातून जात नाही.

कृष्णाकाठ:
मग वाद्य म्हणून निशाण आपलं, ध्वज म्हणून परकं. यात माझंच म्हणणं सिद्ध होतं. आणि नुसतं ‘निशाण दिलं’ लिहिलं तर आजच्या किती वाचकांना नगारा ऐकू येईल?

रानजाई:
नाही येणार. पण ‘दुंदुभी’ म्हटलं की देव पुष्पवृष्टी करायला लागतात. खितान सरदार घोड्यावर बसलेला दिसला पाहिजे.

वैनगंगा:
‘ढाल’ कोणीच कसं म्हणत नाही? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात ढालीचा दुसरा अर्थ सैन्याचं मुख्य निशाण असा आहे, ज्याच्यावरून कूच आणि मुक्काम ठरायचे. आमच्याकडे दिवाळीत गोवारी उंच बांबूची ढाल नाचवतात, तिला मोरपिसं बांधलेली. लहानपणी मी तीच ढाल समजत होतो. पुण्याला शिकायला आल्यावर एका निबंधात लिहिलं तर वर्गात सगळे म्हणाले, ढाल तलवारीबरोबर असते. बाई काही बोलल्या नाहीत, पण गुण कापले. कापड नसलेल्या दाओला ढालीइतका जवळचा शब्द मला दिसत नाही.

चिंचबन:
सुंदर. तरी ‘बारा ढाली’ वाचून वाचक संरक्षणच समजणार. ‘तोग’ चालेल का? आईन-इ-अकबरीत मोगलांच्या राजचिन्हांत ‘चत्रतोग’ आणि ‘तुमनतोग’ आहेत, याकच्या शेपट्या लावलेले. तुर्की ‘तुग’ तो हाच, आणि तो या चिनी ‘दाओ’शीच जोडला जातो. वस्तू तीच, शब्दही बहुधा तोच.

कृष्णाकाठ:
एक परका शब्द समजावायला दुसरा परका शब्द. चामरध्वज कुणालाही फोड करून कळतो.

माळरान:
मला क्रियापदाबद्दल बोलायचंय. 1134 मध्ये पश्चिमेला गेलेल्या खितानांचा राजा येलू दाशी 70,000 स्वार पूर्वेकडे पाठवतो, तेव्हा करडा बैल नि पांढरा घोडा बळी देतो, निशाण लावतो आणि सगळ्यांसमोर शपथ घेतो. इथे ‘झेंडा रोवला’ लिहू नका. मराठीत झेंडा रोवला की लढाई जिंकलेली असते. इथे फौज अजून निघायचीय.

रानजाई:
माळरान, हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं. ‘निशाण उभं केलं’ करते.

सायखेडे:
विषयाला धरून आहे का माहीत नाही, पण नानखटाईतली खटाई म्हणजे खिताई. याच लोकांच्या नावावरून फारसीत चीनला खता म्हणू लागले, रशियन लोक अजून किताय म्हणतात. माझे आजोबा बेकरीत होते, ते ‘नानखताई’ असंच म्हणायचे, आणि आम्ही त्यांचा उच्चार सुधारायचो.

चिंचबन:
रशियन मान्य. नानखटाईबद्दल लोक ‘खटाई म्हणजे सहा जिन्नस’ अशीही व्युत्पत्ती सांगतात, पण ‘त’ मला पटतो. खाण्यावरून आठवलं, आबाओजीची पुढची गोष्ट लेखात आहे ना? निशाण-नगारा दिल्यावर त्याने सरदारांना निरोप पाठवला: माझ्या तळ्याचं मीठ खाता, मालकाचे आभार नकोत का मानायला? ते मांस-दारू घेऊन आले, प्यायले, आणि दबा धरलेल्या लोकांनी त्यांना कापलं. ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ इथे वापरायचा मोह आवरा. तिथे मीठ खरोखरचं आहे.

वैनगंगा:
ढालीवरून ‘ढालगज’. निशाण घेऊन फौजेच्या पुढे चालणारा हत्ती. त्यावरूनच ‘ढालगज भवानी’.

सायखेडे:
खरंच? आजी माझ्या आत्याला म्हणायची, ती सगळ्यांच्या आधी बोलायची म्हणून. मला वाटायचं अंगाने मोठी म्हणून.

कृष्णाकाठ:
आमच्याकडेही धीट बाईलाच म्हणत, अंगाचा संबंध नाही. हा शब्द मात्र जपायला हवा.

माळरान:
पुरुषाला कुणी ढालगज म्हटलेलं ऐकलंय का?