नामांतर, नामविस्तार आणि पेपरातली 'दंगल'

पैठणगेट: मंडळी एक शंका. १४ जानेवारीला आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटसमोर जे बॅनर लागतात त्यातल्या काहींवर 'नामविस्तार दिन' असतं, काहींवर 'नामांतर दिन'. सरकारी पत्रकात नामविस्तारच. पण आमच्या गल्लीत तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, सगळे 'नामांतराच्या टायमाला' असंच बोलतात. अर्थ एकच का दोन? आणि नामकरण मग कुठं बसतं?

खडूफळा: व्याकरणापुरतं सांगतो. नामकरण म्हणजे पहिल्यांदा नाव ठेवणं, बारसं म्हणा ना. नामांतरातलं 'अंतर' म्हणजे किलोमीटरवालं नाही, समासाच्या शेवटी आलं की 'दुसरा' असा अर्थ होतो, जसं देशांतर, भाषांतर, धर्मांतर. जुनं जाऊन दुसरं येणं. विस्तारात जुनं जात नाही, त्याला जोड मिळते. बस.

निळी शाई: सर, व्याकरण बरोबर आहे पण 'नामविस्तार' व्याकरणातून नाही आला, तडजोडीतून आला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी शब्द एकच, नामांतर. त्यावर मराठवाडा पेटला आणि ठराव लटकला तो साडेपंधरा वर्षं. १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं ते 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ', म्हणजे मराठवाडा जागच्या जागी ठेवून. (दोन्ही वेळा मुख्यमंत्री शरद पवारच.) आता याला नामांतर म्हणलं की विरोधवाले म्हणणार आमचं नाव पुसलं, आणि काहीच नाही म्हणलं तर इतकी वर्षं ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, जेल भोगली, त्यांनी काय म्हणायचं? म्हणून विस्तार. दोघांनाही घरी जाऊन जिंकलो म्हणून सांगता येईल असा शब्द आहे तो, काढणाऱ्याला मानलं पाहिजे.

आणि यात पेपरांचा हात किती होता ते बघा. विरोधाचा मुद्दा होता अस्मितेचा, निजामाच्या राजवटीतून सुटलेल्या प्रदेशाचं नाव आहे, ते घालवू नका. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव अशी हैदराबाद मुक्तिसंग्रामातली मोठी माणसं त्या बाजूला उभी होती. भालेराव तर दैनिक 'मराठवाडा'चे संपादक! ज्या पेपरावर दोन पिढ्या वाचायला शिकल्या त्याचीच भूमिका विरोधात. टीव्ही तेव्हा आमच्याकडं कुठला, पेपर आणि आकाशवाणी, संपलं. 'अस्मिता' हा पुस्तकी शब्द पारावर बसणाऱ्याच्याही बोलण्यात आला तो त्याच काळात, असं माझं मत. आमच्या वस्तीची बाजू मग फिरली ती शाहिरांच्या जलशातून आणि नंतर कॅसेटवरून.

मुक्काम परभणी: निळी शाई ताई, नामांतरापेक्षा मला दुसराच शब्द खुपतो, 'दंगल'. १९७८ चा विषय निघाला की आजही लेखात 'नामांतराच्या दंगली' असंच येतं. आमच्याकडं जत्रेत कुस्त्यांची दंगल असते, त्यात जोड लावतात, वजनाला वजन बघून. इथं कुठली जोड होती? गावाबाहेरचे बौद्धवाडे जाळले, विहिरी नासवल्या, लोक रात्रीतून लेकरं घेऊन शेतात लपले आणि तिथून शहरात आले ते परत गेलेच नाहीत. नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळेंना ठार मारलं. ही दंगल होय? हल्ला म्हणा, अत्याचार म्हणा, जाळपोळ म्हणा. दंगल म्हणलं की वाचणाऱ्याला वाटतं दोन्हीकडून काहीतरी झालं असेल.

जुना वाचक: डेस्कवर काम केलंय म्हणून सांगतो, एवढा हेतू नसतो राव. मथळ्याला दोन कॉलम जागा, दंगल तीन अक्षरी, बसतो. 'दोन गटांत हाणामारी' हेही असंच, जात छापू नका, भडका उडेल, अशी जुनी शिस्त आहे. तो नियम चांगल्यासाठीच होता.

मुक्काम परभणी: दादा, हल्ला तर दोनच अक्षरी की.

जुना वाचक: 😄 हे मान्य.

निळी शाई: जात न छापायची शिस्त म्हणता, तर २००६ चं खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात एका घरातली चार माणसं मारली आणि मोठ्या पेपरांना, चॅनेलना त्यातलं जातीचं कारण दिसायला पार नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरावे लागले. आधी गाजावाजा होता तो अनैतिक संबंधांचा. 'खैरलांजी प्रकरण' का 'खैरलांजी हत्याकांड', कोण काय लिहितं त्यावरून मी अजून लेख पुढं वाचायचा का नाही ते ठरवते.

पैठणगेट: चर्चा कुठच्या कुठं गेली पण भारी चाललीय. एक राहिलं, माझ्या भाच्याला नामांतर म्हणलं तर तो म्हणतो संभाजीनगरचं ना? त्याच्या पिढीला टीव्हीवर नामांतर म्हणजे औरंगाबाद आणि उस्मानाबाद एवढंच माहीत.

खडूफळा: स्वाभाविक आहे, २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं तेव्हा बातम्यांत नामांतर हाच शब्द दिवसरात्र चालला. आणि शब्दार्थाने तेच खरं नामांतर, जुनं पूर्ण गेलं. पण एक बघा, नांदेडचं १९९४ चं विद्यापीठ 'स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ', त्यातही मराठवाडा आहेच, आणि तिथं विस्ताराचा प्रश्नच नव्हता, थेट बारसं.

मुक्काम परभणी: याच लढ्यातला अजून एक शब्द, लाँग मार्च. १९७९ ला जोगेंद्र कवाडे नागपूरहून औरंगाबादला पायी निघाले, तेव्हापासून 'लाँगमार्च प्रणेते' ही त्यांची पदवीच झाली. मूळ चीनचं, माओचं, पण आमच्या आजीला माओ कोण ते ठाऊक नव्हतं आणि लाँगमार्च मात्र बरोबर म्हणायची. २०१८ च्या मार्चमध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत आले तेव्हा चॅनेलवाले हा शब्द नवीन असल्यासारखा वापरत होते. फरक एवढाच की त्यांच्या पायांच्या फोडांचे फोटो घंट्याभरात मोबाईलवर आले, १९७९ वाल्यांचे पाय कुणी बघितले?

पैठणगेट: लिहायचं कसं, 'लाँग मार्च' सुटं का जोडून?

खडूफळा: मोर्चाबद्दल लिहिताना सुटं, पदवीत जोडून. कोशात शोधू नका, बॅनरवर असंच असतं.