घोड्यांचे २४००

ग्रुप: आपलं घर (फक्त महत्त्वाचे मेसेज)
सोमवार

पल्लवी काकू, ७:४२
शुभ सकाळ. माथेरानचे फोटो आत्ता नीट पाहिले. एका फोटोत ओवी घोड्यावर आहे. डोक्याला हेल्मेट नाही, पायात सँडल, घोडेवाल्याचा पत्ता नाही. मला फक्त एवढंच विचारायचंय, हे कोणी ठरवलं?

नंदा आत्या, ७:४५
सुप्रभात 🙏 घोड्यांचे २४०० मी दिले आहेत. आपापले जीपे करावेत.

संजूकाका, ७:५१
वहिनी, घोडेवाला होता. फोटोत मावला नाही एवढंच. लगामाची दोरी बघा, डाव्या कोपऱ्यात दिसतेय.

पल्लवी काकू, ७:५२
दोरी दिसतेय. माणूस दिसत नाहीये.

संजूकाका, ७:५५
फोटो काढला म्हणून मीच आरोपी? तीन पोरं, तीन म्हातारी माणसं, खाऊच्या पिशवीवर टपलेली माकडं आणि अण्णांची छत्री, एवढं सांभाळत होतो दोन दिवस. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं.

नंदा आत्या, ७:५६
तीन म्हातारी कोण कोण?

मी, ७:५६
😂

ऋचाताई (न्यू जर्सी), ८:०३
काकू, अगदी बरोबर. आमच्या इथल्या तबेल्यात हेल्मेटशिवाय मुलांना चढूच देत नाहीत. सईला पहिल्या दिवशी घोड्यावर बसवलंच नव्हतं. आधी खरारा करायला लावला, मग कुठल्या बाजूने चढायचं, रिकिबीत पाय किती घालायचा, टाच खाली कशी ठेवायची. सँडल तर नाहीच चालत. पाय आरपार जातो आणि पडलं की माणूस रिकिबीला अडकून फरपटत जातो.

संजूकाका, ८:०५
आल्या उंटावरून शेळ्या हाकायला.

पल्लवी काकू, ८:०६
उंटाचं नाव तुम्ही तरी काढू नका भाऊजी. गणपतीपुळे मी विसरलेले नाही.

संजूकाका, ८:०६
ते होऊन सात वर्षं झाली!!

अण्णा, ८:१४
सर्वांना आशीर्वाद. माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी शोधले असे पुस्तकात लिहितात. ठाकर, कातकरी, धनगर तेथे आधीपासून होते, त्यांना बहुधा ते हरवलेले वाटत नसावे. पुढे १९०७ साली पीरभॉय घराण्याने नेरळहून २१ किलोमीटरची चिमुकली रेल्वे वर नेली. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले, ती २०२२ साली पुन्हा सुरू झाली. या गाडीचे तिकीट आपल्याला मिळाले नाही. मी एप्रिलमध्ये दोनदा सांगितले होते. असो.

संजूकाका, ८:१७
अण्णा, नेरळला खिडकी उघडायच्या आत रांग बाहेर गेली होती. गाड्या जातात तिथवर, दस्तुरीपर्यंत, टॅक्सी केली आणि अमन लॉज स्टेशनहून शटल मिळवून दिली की नाही? बसलात ना छोट्या गाडीत?

अण्णा, ८:१९
शटल म्हणजे ती गाडी नव्हे. त्यात बोगदासुद्धा लागत नाही.

मी, ८:२०
अण्णा, त्या बोगद्याचं नाव ‘वन किस टनेल’ आहे. तुम्हाला तोच कशाला हवा होता?

आजी, ८:२१
निनाद पुरे

नंदा आत्या, ८:२२
घोड्यांचे २४०० मी दिले आहेत. आपापले जीपे करावेत.

शिल्पा वहिनी, ८:३०
हेल्मेटचं काकूंचं म्हणणं मला पटतं. स्पृहाच्याही डोक्यावर नव्हतं. मी तिथेच होते, मलाही सुचलं नाही, चूक माझी. पण संजूकाका, आरुषचा गुडघा कसा आहे? लाल मातीत बराच खरचटला होता. तिथल्या वाटांवर लीद पडलेली असते आणि धनुर्वाताचे जंतू लिदीत, मातीत असतात. त्याचं दहाव्या वर्षाचं टीडीचं इंजेक्शन झालंय ना?

संजूकाका, ८:३४
झालंय. असावं.

पल्लवी काकू, ८:३४
असावं!

संजूकाका, ८:३६
फाईल बघून सांगतो डॉक्टरीणबाई. आणि एक सांगतो, आमच्या लहानपणी कसलं हेल्मेट आणि कसलं काय? आपण सगळे जगलोच ना?

शिल्पा वहिनी, ८:३७
जे जगले नाहीत ते ग्रुपवर नसतात काका.

आजी, ८:३८
सकाळी सकाळी असं बोलू नये

पल्लवी काकू, ८:४४
बाकी राहू दे. ही घरी आल्यापासून रायडिंगचा क्लास लाव म्हणून मागे लागली आहे. आधीच सहाला पोहणं, संध्याकाळी स्केटिंग, शनिवारी खो-खो. ने-आण कोण करतं? मी. सुट्टी तिला लागली आहे, मला नाही. वर दोन दिवस माणसं फिरवून आणणार आणि वेड लावून परत देणार.

संजूकाका, ८:४७
लावा की वहिनी! महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. २०२३ च्या एशियाडमध्ये ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या कवायतीच्या, सांघिक स्पर्धेत आपल्याला सुवर्णपदक मिळालं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी. त्या संघातला हृदय छेडा आपल्या मुंबईचा. उद्या ओवी पण!

पल्लवी काकू, ८:४८
त्या चौघांच्या डोक्यावर काय होतं तेही बघा एकदा.

ऋचाताई (न्यू जर्सी), ८:४९
👏👏👏

अण्णा, ८:५५
खो-खोला घोडा लागत नाही, शिरस्त्राण लागत नाही, ठाण्याहून महालक्ष्मीलाही जावे लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही आपण जिंकलो. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ओवी चपळ आहे, तिला खो-खोच खेळू द्या. मल्लखांबही उत्तम, परंतु माझे कोण ऐकते. तिकिटाचेही ऐकले नाही.

नंदा आत्या, ८:५७
घोड्यांचे २४०० मी दिले आहेत. कोणी वाचतंय का?

अवि काका, ८:५८
👍

मी, ९:०२
एक सांगू का? त्या घोडेवाल्याला उगीच शिव्या नकोत. त्यानेच आधी विचारलं होतं, पोरीला बूट नाहीत का. बूट बॅगेत होते आणि बॅग हॉटेलवर. मग तो पूर्ण वेळ घोड्याच्या तोंडाशी लगाम धरून चालला, कुठेही दौडवला नाही. सांगत होता, पेव्हर ब्लॉकवरून घोड्यांच्या टापा घसरतात, मातीची वाट होती तेच बरं होतं. त्यात आता ई-रिक्षा आल्या. दस्तुरीहून सामान आणि माणसं घोड्यावर यायची, त्यावरच त्यांचं घर चालायचं. आपण पण अण्णांना ई-रिक्षानेच नेलं ना.

अण्णा, ९:०४
माझे गुडघे दुखतात. मी हातरिक्षात बसलो नाही. माणसाने माणसाला ओढणे मला पूर्वीपासून पटत नाही. सुप्रीम कोर्टाला माझे म्हणणे २०२५ साली पटले.

संजूकाका, ९:०७
ताई, एक मिनिट. पोरं तीन. माणशी ६०० ठरले होते, माझ्यासमोर. म्हणजे १८०० होतात. २४०० कुठून आले? विचारतोय फक्त, राग नको.

नंदा आत्या, ९:१६
संजय, मी तेहतीस वर्षं बँकेत काढली. आजवर एक रुपया इकडचा तिकडे केलेला नाही. मला हे ग्रुपवर विचारलंस याचं वाईट वाटलं. हिशोब घे.
आरुष ६००
स्पृहा ६००
ओवी १२००
ओवीच्या दोन फेऱ्या झाल्या. दुसरी संध्याकाळी, शार्लोट लेकला, अविबरोबर. अविकडे सुट्टे नव्हते म्हणून तेही मीच दिले.

पल्लवी काकू, ९:१७
दोन?

पल्लवी काकू, ९:१७
अविबरोबर?

पल्लवी काकू, ९:१८
मला सांगितलं होतं, संध्याकाळी अण्णांसोबत रूमवर होतो.

अण्णा, ९:१९
मी रूमवर एकटाच होतो. चहाही थंड आला होता.

संजूकाका, ९:१९
म्हणजे इथे घोडं पेंड खात होतं! आणि सकाळपासून शिव्या मला.

अवि काका, ९:२१
हा मेसेज डिलीट केला आहे

अवि काका, ९:२३
मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलतो.

पल्लवी काकू, ९:२३
तुझं ऑफिस दहाला सुरू होतं. आणि आत्ता तू बाल्कनीत आहेस, मला दिसतोयस.

शिल्पा वहिनी, ९:२५
आत्या, ६०० पाठवले. उशीर झाला, सॉरी.

संजूकाका, ९:३१
ताई, माझेही पाठवले. राग सोड. वहिनी, फाईल बघितली. टीडी राहिलंय, आज नेतो त्याला.

नंदा आत्या, ९:३३
संजय ६०० आले. शिल्पा ६०० आले. अवि, १२००.