पुन्हा तेच वारूळ!

गवंड्याचा पोरगा : 'वाळवीचं वारूळ बघून हरारेत एसीविना इमारत उभी केली, अन् आपण स्लॅबखाली भाजतोय. निसर्गच खरा इंजिनिअर!' ही पोस्ट या महिन्यात चौथ्यांदा आली, म्हणून लिहितो. झिम्बाब्वेतल्या हरारेची ती इमारत म्हणजे ईस्टगेट, १९९६ ची, वास्तुविशारद मिक पिअर्स यांची. वारुळावरून सुचलं, खरंय. पण त्यात पंखे आहेत, मोठाले. रात्रीची गार हवा आत ओढायची, काँक्रीट गार करून ठेवायचं. अन् वारूळ म्हणजे एसी नव्हेच. टर्नर आणि सोअर या संशोधकांनी २००८ मध्येच मांडलंय : ते फुप्फुसासारखं श्वास घेतं, घरट्याचं तापमान मात्र ऋतूप्रमाणे जमिनीबरोबर बदलतं. हरारे जवळपास दीड हजार मीटर उंचीवर. परभणीत मे महिन्यात रात्री कुठली गार हवा ओढता?

बांधावरून : पोस्ट माझीच. चुकीच्या समजुतीतून का होईना, इमारत चालली ना? अन् हरारे राहू द्या, आपलं माळवद बघा. आजीच्या घरावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. भर उन्हाळ्यात दुपारी जमिनीवर नुसतं पडलं तरी डोळा लागायचा. नकाशा कुणी काढला होता?

औश्याकडचा : माळवदाचं कौतुक माझ्यापुढं नको. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून झोपलो होतो, मी नऊ वर्षांचा. आजोबांचा हात तेवढा वर दिसत होता. ओढायला गेलं की माती आणखी खाली यायची. तीच तुमची पांढरी माती.

बांधावरून : वाईट वाटलं. पण दोष मातीचा नाही. भिंतीच्या दोन्ही पदरांना धरणारे लांब दगडच घातले नव्हते.

औश्याकडचा : हे तेव्हा येऊन सांगायचं होतं. आता पत्र्याखाली भाजतो, पण झोप लागते.

गवंड्याचा पोरगा : हेच म्हणतोय मी! उत्क्रांती असो की माळवद, रोज जे छळतं त्याच्यापुरतंच घडत जातं. माळवद दर उन्हाळ्याला पास झालं. भूकंपाचा पेपर कधी आलाच नव्हता.

बांधावरून : नऊ वर्षांच्या पोराच्या गोष्टीवर स्वतःचा मुद्दा रेटू नका राव.

चौकटवाली : तुमचं चालू द्या. माझ्या स्लॅबच्या घरात दाराची चौकट वाळवीनं आतून पोकळ केली. बाहेरून रंग शाबूत, बोट लावलं तर आरपार. या इंजिनिअरला बिल कुठं पाठवू?

बांधावरून : बरं बाबा, पंखे आहेत. मान्य. पोस्ट बदलतो : 'पंखेवालं वारूळ'. झालं समाधान?

गवंड्याचा पोरगा : 'एसीविना' राहू द्या, ते बरोबर आहे. अन् ताई, चौकट लोखंडी बसवा.